कार्बोरेटर बदलता, मग दांडी-स्प्रिंगांचे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उसाच्या आडसाली लावणीच्या बाळभरणीचे, म्हणजे पहिल्यांदा माती चढवण्याचे, दिवस आले की आमच्या शिरोळ तालुक्यात पहाटेपासून पॉवर विडरची, म्हणजे मागून चालत हाकायच्या फिरत्या पात्यांच्या छोट्या यंत्राची, घरघर सुरू होते. बैलजोड्या कमी झाल्या, भर लावायला माणूस मिळेना, म्हणून दोन-तीन एकरवाल्यानेही विडर घेतला. कुणी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून अनुदानात घेतला, कुणी सोसायटीचे कर्ज काढून. ही इंजिने दुरुस्त करणे हा माझा धंदा. पूर्वी दुकानात ऑइल इंजिने आणि स्कूटर असायच्या. आता पाच ते सात हॉर्सपॉवरची छोटी पेट्रोल इंजिनेच जास्त येतात. विडरची, फवारणीच्या पंपाची, लग्नाच्या मांडवातल्या जनरेटरची.

या इंजिनांचे कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे भाग, आजकाल ज्या रीतीने बदलले जातात, त्यामुळे चांगली इंजिने फुटत आहेत. आणि फुटल्यावर शेतकऱ्याला सांगितले जाते, "चायना माल आहे, दोन वर्षंच टिकायचा." हे खोटे आहे, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

गेल्या हंगामात नदीकाठच्या गावातला एक शेतकरी खताच्या पोत्यात इंजिन घेऊन आला. पोते उघडले तर क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, पोटाला मुठीएवढे भोक, आत पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडचे तीन तुकडे, तेलात ॲल्युमिनियमचा चुरा. पिस्टन मात्र नव्यासारखा, सिलिंडरला ओरखडा नाही, तेलही काळे पडलेले नव्हते. म्हणजे माणसाने इंजिन सांभाळले होते. मग मी वर पाहिले. कार्बोरेटर कोरा करकरीत, पितळेची चमक तशीच. पण गव्हर्नरच्या (वेग आवरणाऱ्या यंत्रणेच्या) आर्मपासून थ्रॉटलपर्यंत (इंजिनात जाणारे मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या पात्यापर्यंत) जी दांडी असते ती जागेवर नव्हती. तिच्याभोवतीची केसासारखी बारीक स्प्रिंग नव्हती. मोठी स्प्रिंगही नव्हती. त्याऐवजी बांधकामावर लोखंड बांधायला वापरतात ती बाइंडिंग वायर दुहेरी पिळून रेसच्या केबलपासून थेट थ्रॉटलच्या पट्टीला बांधलेली. मी विचारले, "हे कुणी केलं?" तो म्हणाला, "नवा कार्बोरेटर टाकला तवा जुनी स्प्रिंग बसंना झाली मेस्त्री. दुकानदार म्हणाला, स्प्रिंग सुटी मिळत न्हाई, इंजिनासंगंच येती. मग त्याच्या पोरानं तार बांधून दिली. ताकद लय आली होती बघा दोन दिवस."

ताकद आली नव्हती, लगाम सुटला होता. हे समजावून सांगायला मला थोडी जागा लागेल. ती द्यावी, कारण ही गोष्ट कुठल्याही विडरसोबतच्या पुस्तकात मराठीत लिहिलेली मी पाहिलेली नाही.

स्कूटरचा कार्बोरेटर आणि विडरचा कार्बोरेटर यांत मोठा फरक आहे. स्कूटरवर बसलेला माणूस ॲक्सिलरेटर पिळतो आणि थ्रॉटल तितकाच उघडतो. विडरवर थ्रॉटल माणसाच्या हातात नसतो. हँडलवरचा लिव्हर ओढला की केबल फक्त एक स्प्रिंग ताणते. ती स्प्रिंग गव्हर्नरच्या आर्मला ओढते, आर्म दांडीला ढकलते आणि दांडी थ्रॉटल उघडते. इंजिन फिरू लागले की क्रँककेसच्या आत एका दातेरी चाकावर बसवलेली छोटी वजने वेगाने बाहेर फेकली जातात. ती एक टोपी ढकलतात, टोपी गव्हर्नरचा शाफ्ट फिरवते आणि आर्म उलट दिशेला जाऊन थ्रॉटल मिटवते. स्प्रिंग उघडायला बघते, वजने मिटवायला बघतात. दोघांची ओढाताण जिथे थांबते तो इंजिनाचा वेग. ढेकळात पाती अडकली, वेग उतरला, की वजने सैल पडतात आणि स्प्रिंग थ्रॉटल उघडते. भार गेला की वजने पुन्हा मिटवतात. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला फिरते गोळे लावले, तीच ही युक्ती, आता हाताच्या तळव्यात मावेल एवढी झालेली.

आता यातला एक-एक भाग काढून बघा. मोठी स्प्रिंग नसेल तर इंजिन सुरू होते, पण भार आला की मान टाकते. दांडीभोवतीची बारीक स्प्रिंग नसेल तर दांडीच्या वाकड्या टोकाला छिद्रात खेळ राहतो आणि इंजिन एकसारखे चढ-उतार करते. आम्ही त्याला हंटिंग म्हणतो. आर्मचा नट ढिला राहून आर्म शाफ्टवर घसरली तर वजने बिचारी आत ढकलत राहतात, बाहेर काही पोचत नाही, आणि स्प्रिंग थ्रॉटल सताड उघडा धरते. आणि दांडीच काढून तार बांधली, तर वजनांचा थ्रॉटलशी संबंधच संपतो.

ही इंजिने सर्वसाधारण ३६०० फेऱ्यांसाठी घडवलेली असतात. मिनिटाला ३६०० म्हणजे सेकंदाला ६०. एका सेकंदात पिस्टन साठ वेळा खाली जाऊन वर येतो आणि प्रत्येक वेळी वरच्या टोकाला थांबून उलटा फिरतो. तो झटका सोसतो कनेक्टिंग रॉड, आणि तो ॲल्युमिनियमचा असतो. वेग दीडपट झाला तर झटका दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. शिवाय यातल्या बहुतेक इंजिनांत ऑइल पंप नसतो. रॉडच्या तळाला चमच्यासारखे टोक असते, ते तेल उडवते, तेवढेच वंगण. विडर उतारावर वाकडा झाला, तेल एका बाजूला गेले आणि वेग पाच हजारांच्या वर असला की रॉड तुटायला वेळ लागत नाही. पोत्यातून आलेल्या इंजिनाचे हेच झाले होते. माल चीनचा होता की जपानचा, याचा त्यात काही संबंध नव्हता. होंडाने १९८३ साली जीएक्स मालिका आणली. बाजारातल्या बहुतेक विडरांची इंजिने तिच्याच घडणीवर बेतलेली आहेत आणि ती घडण उत्तम आहे. नीट ठेवले तर असले इंजिन शेतकऱ्याच्या मुलालाही पुरते.

बरे, कार्बोरेटर बदलावा लागतो का? पुष्कळदा लागत नाही. "चोक दिल्याशिवाय चालंना" म्हणून येणाऱ्या इंजिनांत बहुतेक वेळा स्लो जेट, म्हणजे कार्बोरेटरमधले पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र, चोंदलेला असतो, नाहीतर पॅकिंग फाटून हवा घेत असते. "चालतंय आणि पंधरा मिनिटांनी बंद पडतंय" म्हणून येते, त्याच्या टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजलेले निघते. "सुरूच होत नाही" म्हणून येते आणि व्हॉल्व्हचा गॅप संपलेला असतो. नवा कार्बोरेटर टाकून यातले काही सुटत नाही, पण टाकला जातो. कारण साताठशे रुपयांत तो मिळतो, धुऊन-पुसून जेट साफ करायला तास लागतो, आणि तासाची मजुरी द्यायला कुणी तयार नसते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा-पंचगंगेचे पाणी घरांत शिरले, तेव्हा गोठ्यातली इंजिने गाळात होती. त्या वेळी कार्बोरेटर बदलणे भागच होते, त्याच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीत चिखल घट्ट बसलेला. पण तेव्हापासून या भागात सवयच लागली. इंजिन रुसले की पहिला कार्बोरेटर.

बदलायचाच असेल तर कसा, ते लिहितो. ज्याला हातात पाना धरता येतो त्याला हे काम जमते.

खोलण्याआधी मोबाइलवर दोन्ही बाजूंनी फोटो काढावा. दांडीचे कुठले टोक कुठल्या छिद्रात आहे, बारीक स्प्रिंग दांडीच्या वरून आहे की खालून, मोठ्या स्प्रिंगचा आकडा आर्मच्या कितव्या छिद्रात आहे, हे फोटोत स्पष्ट यायला पाहिजे. काही इंजिनांच्या आर्मवर दोन-तीन छिद्रे असतात आणि एक छिद्र सरकले तरी इंजिनाचा स्वभाव बदलतो. मग पेट्रोलचा कॉक बंद. वाटीखालचा बोल्ट सैल करून आतले पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि उजेडात धरून बघावे. तळाला पाण्याचा थेंब वेगळा दिसतो, पांढरी भुकटी दिसते, गंज दिसतो. हे बघितल्याशिवाय नवा कार्बोरेटर बसवणाऱ्याने जुने दुखणे टाकीत तसेच ठेवलेले असते, आणि महिन्यात नवाही चोंदतो.

एअर क्लीनर निघाला की कार्बोरेटर दोन लांब स्टडांवरून पुढे सरकतो. इथे घाई नडते. दांडी अजून थ्रॉटलच्या पट्टीत अडकलेली असते. कार्बोरेटर तिरका करून दांडीचे वाकडे टोक छिद्रातून फिरवून काढायचे असते; हिसका मारला की दांडी वाकते. वाकलेली दांडी पक्कडीने सरळ केली तरी तिची मूळ लांबी परत येत नाही, आणि इथे एक-दोन मिलिमीटरनेही थ्रॉटल पूर्ण उघडत नाही किंवा पूर्ण मिटत नाही. बारीक स्प्रिंग तर ताणली गेली की गेलीच. ती चिमट्याने उचलून झाकणीत ठेवावी. तिचे वजन काही नाही, पण ती हरवली तर पुढचे सगळे बिघडते.

जुना आणि नवा कार्बोरेटर शेजारी-शेजारी ठेवून मगच पुढे जावे. जनरेटरचा, पाण्याच्या पंपाचा आणि विडरचा कार्बोरेटर बाहेरून सारखाच दिसतो. दुकानातही एकाच खोक्यातून काढून देतात. पण थ्रॉटलच्या पट्टीची लांबी, तिच्यावरच्या छिद्राची जागा, चोकच्या पात्याची बाजू आणि मेन जेटचा नंबर वेगळा असू शकतो. "स्प्रिंग बसंना झाली" म्हणतात ते इथेच. स्प्रिंग बसत नसेल तर कार्बोरेटर चुकीचा आहे. तो परत करावा. स्प्रिंग फेकू नये.

पॅकिंगचा क्रम हेडकडून असा: पॅकिंग, मग बेकेलाइटचा काळा ठोकळा, पुन्हा पॅकिंग, मग कार्बोरेटर, मग एअर क्लीनरचे पॅकिंग. काळा ठोकळा हेडची उष्णता कार्बोरेटरपर्यंत येऊ देत नाही. तो तडकला असेल तर बदलावा, नसेल तर उलटा बसवू नये. प्रत्येक पॅकिंगचे छिद्र कार्बोरेटरच्या छिद्रावर आले पाहिजे. तोंडावर चिकटलेले जुने पॅकिंग ब्लेडने अलगद खरवडावे. आणि सिलिकॉनची पेस्ट लावू नये, लावू नये, लावू नये. पेट्रोलने ती सुटते आणि तिचा तुकडा थेट जेटमध्ये जातो. स्लो जेटचे छिद्र सुईच्या अग्रापेक्षा फार मोठे नसते.

दांडी आणि बारीक स्प्रिंग कार्बोरेटर स्टडवर अर्धा असतानाच अडकवावी, कारण तो पूर्ण बसल्यावर बोट शिरत नाही. शेवटी गव्हर्नर. आर्मचा नट थोडा ढिला करून आर्म थ्रॉटल पूर्ण उघडेपर्यंत न्यावी. ती तशीच धरून, ज्या दिशेला आर्म गेली त्याच दिशेला गव्हर्नरचा शाफ्ट पक्कडीने अडेपर्यंत फिरवावा आणि नट घट्ट करावा. शाफ्ट हलवलाच नसेल तर याची गरज नाही, पण आधीच्या कारागिराने काय केले हे सांगता येत नसेल तेव्हा मी हे करतोच.

सुरू करण्याआधी एक तपासणी. इंजिन बंद असताना लिव्हर पूर्ण रेसवर न्यावा आणि एअर क्लीनर काढून आत बघावे. थ्रॉटलचे पाते सताड उघडे दिसले पाहिजे. पुष्कळांना हे उलटे वाटते. बंद इंजिनात वजने ढकलत नसतात, म्हणून स्प्रिंगचे राज्य असते. मग दांडी बोटाने मिटवून सोडावी. ती कुठेही न अडकता परत उघडली पाहिजे. पत्र्याच्या कव्हरला घासत असेल तर तिथेच थांबावे. पहिल्यांदा सुरू करताना विडर न्यूट्रलमध्ये, पाती मातीपासून मोकळी, एक हात बंद करायच्या स्विचवर. इंजिन चढत-चढत गेले तर विचार करायचा नाही, स्विच दाबायचा. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा आरपीएम मीटर काही शेकड्यांत मिळतो, तो गावात एकाकडे तरी असावा. बिनभाराचा सर्वोच्च वेग बहुतेक इंजिनांना ३६०० ते ४००० च्या दरम्यान ठरवून दिलेला असतो. कानाने ठरवणारे फार हुशार मेस्त्री मी पाहिले आहेत, तरीही मीटर बरा.

आता पेट्रोलविषयी. मी ऊसकरी घरातला आहे. इथेनॉलमुळे कारखान्यांना पैसा मिळतो आणि त्यातून आमच्या बिलाला आधार होतो, हे मला ठाऊक आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर यायला लागले, २०३० साठी ठेवलेले उद्दिष्ट देशाने २०२५ मध्येच गाठले. पण त्याचा छोट्या इंजिनावर काय परिणाम होतो, हे विडर चालवणाऱ्याला कुणी सांगितले? पेट्रोलला जळायला वजनाने पावणेपंधरा पट हवा लागते, इथेनॉलला नऊ पट. नव्या मोटारसायकलीत सेन्सर असतो, तो ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरचा जेट म्हणजे पितळेतले एक भोक. ते स्वतःहून मोठे होत नाही. त्यामुळे मिश्रण कोरडे होते, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी पडते, आणि इंजिन जास्त तापते. हंटिंगही वाढते, आणि ते घालवायला कुणीतरी स्प्रिंगशी खेळ करतो. त्याहून वाईट म्हणजे इथेनॉल हवेतले पाणी ओढते. मोठी भरणी झाली की विडर गोठ्यात जातो आणि पुढच्या लावणीपर्यंत तसाच राहतो. पावसाळी हवेत वाटीतले पेट्रोल पाणी पिते, पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसते, आणि तळालाच तर जेट असतो. जुन्या घडणीच्या रबरी नळ्या आणि फ्लोटच्या (वाटीतल्या तरंगत्या भागाच्या) सुईचे रबरी टोकही मऊ पडते, मग पेट्रोल गळते. उपाय सोपा आहे आणि फुकट आहे: विडर ठेवताना टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, वाटीचा बोल्ट सैल करून उरलेले थेंब काढा. एवढे केले तर निम्मे कार्बोरेटर बदलावे लागणार नाहीत.

आणखी एक अडचण आहे आणि तिची मला खरी काळजी वाटते. एप्रिल २०२० मध्ये वाहनांच्या धुराचे बीएस-सहा नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून बहुतेक ठिकाणी कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आले. माझ्याकडे शिकायला येणारी पोरे हुशार आहेत, स्कॅनर लावून दोष वाचतात. पण फ्लोटची उंची म्हणजे काय, हे त्यांनी पाहिलेले नसते, कारण त्यांच्या हाताखालून आता कार्बोरेटर जातच नाही. आणि गव्हर्नर तर मोटारसायकलीला कधीच नव्हता. शहरात ही विद्या लागेनाशी झाली आणि नेमकी त्याच काळात शेतात हजारो छोटी कार्बोरेटरची इंजिने आली. मधल्या पिढीचे मेस्त्री थकत चालले आहेत. ज्या कोल्हापुरात म्हादबा मेस्त्रींचे नाव अजून आदराने घेतात, जिथल्या उद्यमनगरातून देशभर सुटे भाग जातात, तिथे एका विडरची स्प्रिंग मिळत नाही म्हणून शेतकऱ्याला तार बांधावी लागते, हे मला पटत नाही. ती दांडी म्हणजे दोन ठिकाणी वाकवलेली पोलादी तार आहे. ती स्प्रिंग म्हणजे बारीक तारेचे वेटोळे. माप मिळाले तर आमच्याकडची कितीतरी वर्कशॉपे ती उद्या सकाळी करून देतील. मापच मिळत नाही.

म्हणून माझ्या मागण्या विक्रेत्यांकडे आणि कृषी खात्याकडे आहेत. अनुदानाच्या यंत्राला तपासणी अहवाल लागतो, तो मागितला जातो, चांगले आहे. त्याच कागदांत सुट्या भागांची यादी मागावी आणि तीत थ्रॉटलची दांडी, गव्हर्नरच्या दोन्ही स्प्रिंगा आणि कार्बोरेटरच्या पॅकिंगचा संच सुटा विकला जातो की नाही, हे लिहून घ्यावे. जो विक्रेता हे ठेवत नाही त्याचे यंत्र यादीत नसावे. कार्बोरेटर विकताना खोक्यात पॅकिंग आणि दोन्ही स्प्रिंगा असाव्यात. त्याने किंमत फारशी वाढणार नाही. यंत्रासोबत मराठीत एक पान द्यावे, त्यावर लिंकेजचे, म्हणजे दांडी-स्प्रिंगांच्या जोडणीचे, मोठे चित्र आणि छिद्रांची खूण. ज्या पुस्तकात इंग्रजी आणि चिनी आहे पण मराठी नाही, ते नांगरट करणाऱ्याने वाचायचे कसे? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा सुरुवातीच्या क्षेत्रांत शेती अवजारे होती. मोठ्या ट्रॅक्टर कंपन्यांची नावे त्यात ऐकू येतात. विडरवाला त्यात धरला जावा. आणि आमच्या आयटीआयमध्ये ट्रॅक्टर आणि डिझेल शिकवतात तसा छोट्या पेट्रोल इंजिनाचा आठवडाभराचा वर्ग घ्यावा. जुनी इंजिने मी माझ्या दुकानातून देईन, शिकवायलाही येईन, मानधन नको.

शेतकरी बंधूंना एवढेच सांगतो: कार्बोरेटर बदलून आणला की घरी नेण्याआधी मेस्त्रीसमोर कव्हर काढून बघा. दांडी आहे का, तिच्यावर बारीक स्प्रिंग आहे का, मोठी स्प्रिंग आहे का. जुना कार्बोरेटर परत मागून घ्या, तो तुमचा आहे, आणि त्याच्या पट्टीवरून पुढे माप काढता येते. कुठे तार बांधलेली दिसली तर इंजिन सुरू करू नका, मग ताकद कितीही येवो. त्या विडरमागे घरातला माणूस चालत असतो आणि फिरती पाती त्याच्या पायापासून वीतभर अंतरावर असतात.

पोत्यातून आलेल्या त्या इंजिनाला दुसरा क्रँककेस मिळाला, रॉड नवा घातला, पिस्टन तोच ठेवला. स्प्रिंगसाठी मी जुन्या भंगारातल्या इंजिनावरची काढून दिली, कारण तालुक्यातल्या दुकानांत ती सुटी मिळाली नाही.

सोबत एका कागदावर लिंकेजचे चित्र हाताने काढून पाठवत आहे. दांडी लाल पेनाने, मोठी स्प्रिंग निळ्याने, बारीक स्प्रिंग हिरव्याने दाखवली आहे, आणि आर्म कुठल्या बाजूला गेली की थ्रॉटल उघडतो ते बाणाने. आपल्या चित्रकाराने ते नीट काढून शेतीच्या पानावर छापले, तर बाळभरणीच्या आत ते लोकांच्या हाती पडेल. बाळभरणी सुरू झाल्यावर उशीर होईल, तोवर विडर शेतात उतरलेले असतील.

आपला,
छोट्या इंजिनांचा एक मेस्त्री
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर
(नाव व पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे.)